काळूच्या ताटलीतला भोपळा

माझ्या कुत्र्याचं नाव बिस्किट आहे आणि गेल्या वर्षी त्याची बिस्किटं बंद झाली.

पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर, वजन अडतीस किलो. पुण्यातल्या डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं, आधी आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "खाऊ कमी करा," ते म्हणाले. "अगदीच राहवत नसेल तर उकडलेला लाल भोपळा द्या." कुणाला राहवत नसेल, कुत्र्याला की मला, हे त्यांनी सांगितलं नाही. पण त्यांना माहीत असावं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कुठलीही नवी गोष्ट वापरायच्या आधी तिचं डॉक्युमेंटेशन वाचायची सवय आहे. तर भोपळ्याचं डॉक्युमेंटेशन थोडक्यात असं. शंभर ग्रॅम भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि जेमतेम 26 कॅलरी. थोडं फायबर असतं, त्यामुळे कुत्र्याचं पोट किंचित बिघडलं असेल किंवा उलट कडक झालं असेल, दोन्ही वेळा चमचा-दोन चमचे भोपळा उपयोगी पडतो. ज्या बीटा-कॅरोटीनमुळे भोपळा केशरी दिसतो, त्यापासून कुत्र्याचं शरीर अ जीवनसत्त्व बनवू शकतं. मांजराला ते जमत नाही. साल, देठ आणि बिया काढायच्या, फोडी नुसत्या उकडायच्या. मीठ नाही, गूळ नाही आणि फोडणी तर अजिबात नाही, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात. घारगे तुमच्यासाठी, त्याच्यासाठी नाहीत. आणि खाऊ कुठलाही असला तरी तो दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा.

बिस्किटला भोपळा आवडला. कुकरची शिट्टी झाली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसू लागला. चार महिन्यांत तीन किलो उतरले. भोपळा हा स्वस्त, आरोग्यदायी, आणि पावसाळा संपता संपता गावाकडे भरपूर मिळणारा खाऊ आहे. कुत्र्याला द्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आजही 'द्यावा' असंच आहे.

मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. कारण त्याच भोपळ्याने मला एक प्रश्न घालून ठेवला आहे आणि त्याचं उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये नाही.

*

2025 च्या पितृपक्षात मी दोन आठवडे गावी होते. आमचं घर लेण्याद्रीच्या पायथ्याला, गोळेगावच्या थोडं पुढे, मळ्यातल्या वस्तीवर आहे. तिथे आजी राहते, काका-काकू राहतात, एक गाय, सहा शेळ्या, मोजता न येणाऱ्या कोंबड्या. आजोबांचं श्राद्ध होतं आणि ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली होती. बिस्किटला मी पुण्यात मैत्रिणीकडे ठेवून आले. त्याला मी वस्तीवर नेत नाही, कारण तिकडे बिबट्या आहे.

हे वाक्य मी तेव्हा कितीतरी जणांना सहज सांगितलं होतं. त्यात काही खटकतं आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

परड्यातल्या उकिरड्यावर आजीने भोपळ्याचा वेल सोडला होता. तो कुंपण ओलांडून उसाच्या बांधापर्यंत गेला होता. त्यातला एक नऊ किलोचा भोपळा श्राद्धासाठी काढला. पहिला वार काकाने केला, कारण आमच्याकडे अख्खा भोपळा बाईने फोडायचा नसतो. त्यावरून माझं आणि आजीचं जुनं भांडण आहे, ते इथे नको. स्वयंपाकात वडे, खीर, कढी, गवार, कारलं आणि भोपळ्याची भाजी. घरातल्या कुणी घास घ्यायच्या आधी कावळ्याचं, गाईचं आणि कुत्र्याचं पान वाढलं गेलं.

कुत्र्याचं पान म्हणजे काळूचं पान. काळूला कुणी आणलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी एका पावसात तो गोठ्यात येऊन बसला आणि राहिला. काळा, सडपातळ, एक कान फाटलेला. फासळ्या दिसायच्या, पण आजारी नव्हता. रात्री उसात काही हललं की पहिला तो भुंकायचा, मग शेजारच्या वस्तीवरची कुत्री, आणि मग काका बॅटरी घेऊन बाहेर यायचा. आजी रोज दिवेलागणीच्या आधी त्याला आदल्या दिवशीच्या कोरड्यासात भाकरी कालवून घालायची. मग शेळ्या आत, गाय आत, काळू आत, आणि गोठ्याचं दार बंद. झोपायच्या आधी ती एकदा दाराशी जाऊन बोट दाखवत पुटपुटायची. लहानपणी मला वाटायचं ती कुठलातरी मंत्र म्हणते. ती मोजत असायची.

श्राद्धाच्या दिवशी काळूने पानावरची भोपळ्याची भाजी आधी संपवली. ते बघून मला फार आनंद झाला. बिस्किट आणि काळू यांना एकच गोष्ट आवडते, याचा आनंद. दुसऱ्या दिवशी मी भोपळ्याच्या फोडी नुसत्या उकडल्या, जर्मनच्या ताटलीत कुस्करल्या आणि आजीला सांगितलं, आजपासून काळूचं माझ्याकडे.

आजी हसली. "कुत्र्याला भोपळा? घाल बापडी. पर भाकरीबी घाल. निसत्या पाण्यानं प्वाट भरत नाय."

मी 26 कॅलरींचा आकडा कधी तिला सांगितला नव्हता. तिने नेमकी तीच गोष्ट सांगितली होती. बिस्किटसाठी भोपळा चांगला का, तर त्यात फारसं काही नसतं म्हणून. पोट भरल्यासारखं वाटतं आणि वजन वाढत नाही. ज्याच्या फासळ्या दिसतात आणि ज्याला रात्रभर राखण करायची आहे, त्याला तेच गुण काय कामाचे? आपण एखाद्या पदार्थाला आरोग्यदायी म्हणतो तेव्हा कुणाचं पोट डोळ्यांपुढे असतं, हे सांगायचं विसरतो. माझ्या डोळ्यांपुढे पुण्यातलं अडतीस किलोंचं पोट होतं. काळूला खाऊ नको होता, जेवण हवं होतं. मी भाकरीही घालू लागले, अंडंही. एवढी चूक मला वेळेत कळली.

दुसरी कळली नाही.

*

माझ्या टीमचं अमेरिकेतल्या लोकांबरोबरचं कॉल साडेसहाला सुरू व्हायचं आणि साडेसातला संपायचं. त्यामुळे काळूचं जेवण दिवेलागणीच्या आधीचं होतं ते पावणेआठवर गेलं. घराच्या मागच्या ओट्यावर फोनला रेंज चांगली येते, म्हणून मी कॉल तिथेच घ्यायचे. त्यामुळे ताटली गोठ्यासमोरून मागच्या ओट्यावर आली. मागचा ओटा उसाच्या बाजूला आहे.

हे दोन्ही बदल मी ठरवून केले नाहीत. ते माझ्या सोयीने होत गेले. तीन-चार दिवसांत काळूला नवी वेळ आणि नवी जागा पाठ झाली. साडेसात वाजले की तो ओट्याखाली येऊन बसायचा आणि माझं बोलणं संपायची वाट बघायचा. मला ते प्रेम वाटायचं. मी त्याचा रीलही केला. काळू भोपळा चाटतोय, मागे अंधारात ऊस सळसळतोय, वर गाणं. ऑफिसमधल्या लोकांनी बदाम पाठवले.

काका एकदा म्हणाला, "अगं, अंधाराचं त्याला मागं बसवू नकोस, वाघ फिरतोय." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी म्हटलं, मी असते ना तिथेच.

श्राद्धानंतरच्या आठव्या दिवशी कॉल लांबलं. मी मध्येच ताटली खाली ठेवली आणि कानात इअरफोन घालून पुढच्या खोलीत गेले, कारण स्क्रीन शेअर करायची होती आणि लॅपटॉपचं चार्जिंग संपत आलं होतं. आतून आजीने विचारलं, "काळू आला का गं आत?"

मी म्हटलं, "हो."

मी बघितलं नव्हतं. त्या क्षणी 'हो' म्हणणं सोपं होतं.

सकाळी ताटली चाटून पुसून स्वच्छ होती. ओट्याखालच्या ओल्या मातीत फरफटल्याची खूण होती, भोपळ्याच्या वेलावरून ती बांधापर्यंत गेली होती आणि उसात शिरली होती. काका उसाच्या कडेने थोडा फिरून आला आणि काही बोलला नाही. मी विचारलं, वन खात्याला कळवायचं का? आजी म्हणाली, "कुत्र्याचा कसला पंचनामा करतीस." मग ती गोठ्यात गेली आणि शेळ्यांना चारा घालू लागली. मला ती काहीच बोलली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

*

जुन्नरमध्ये बिबट्या ही बातमी नाही, शेजारी आहे. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्याच्या माद्या पिल्लं घालू लागल्या. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. 2007 पासून वन खात्याबरोबर वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ते चालवते. त्या पितृपक्षानंतर दीड महिन्याच्या आतच, ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये, शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन माणसं गेली, त्यातली दोन मुलं होती. शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातलेल्या गावकऱ्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. डोंगरातल्या राखणीच्या कुत्र्यांना असे पट्टे घालतात. ते माणसांनी घातले होते. तेव्हा एका कुत्र्यासाठी एवढा मोठा लेख लिहिणं काहींना विचित्र वाटेल, आणि ते मला समजू शकतं.

पण कुत्र्याचा आणि बिबट्याचा संबंध बाजूला ठेवण्यासारखा नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तो 2014 साली प्रसिद्ध झाला. बिबट्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या एकूण वजनात 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात सगळ्यात मोठा हिस्सा कुत्र्यांचा, 39 टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा फक्त 11 टक्के.

मी हे आकडे काळू गेल्यावर वाचले आणि बराच वेळ त्या शेवटच्या आकड्यावर थांबले. शेळी सातपट जास्त असूनही कमी का मारली जाते? कारण ती रात्री कोंडलेली असते. तिला किंमत आहे, तिला मोजलं जातं. कुत्र्याला आपण खायला घालतो, पण बहुतेक घरांत रात्री कुणी मोजत नाही. तो राखण करायला बाहेर असतो, किंवा नुसताच बाहेर असतो. आजीच्या घरात काळू मोजला जायचा. मी त्याला त्या मोजणीतून बाहेर काढलं आणि बदल्यात त्याला भोपळा दिला.

*

माझ्या मित्रांनी मला समजावलं. त्यांचे मुद्दे चुकीचे नव्हते. बिबट्यानेही काहीतरी खायलाच हवं. काळू दुसऱ्या कुठल्या रात्रीही गेला असता. तू वाईट हेतूने काही केलं नाहीस. तू त्याला आयुष्यात सगळ्यात चांगलं खायला घातलंस.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचला. कारण तो खरा होता आणि त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं.

खायला घालणं ही चांगली गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे ताटलीत काय आहे. ते मोजता येतं, वाचता येतं, सुधारता येतं. कॅलरी, फायबर, लसूण नको. दुसरी म्हणजे त्या ताटलीमुळे समोरच्या जिवाच्या वागण्यात काय बदलतं. तो कुठे बसतो, किती वाजता येतो, कुणाची वाट बघतो, कशाला घाबरायचं सोडून देतो. रोज घातलेला खाऊ हा नुसता खाऊ राहत नाही. तो एक सांगावा होतो: उद्याही इथे ये, मी आहे. काळूने तो सांगावा खरा मानला. त्याच्या बाजूने करार पूर्ण पाळला गेला. तो रोज वेळेवर आला.

कुत्र्याला हा करार मोडता येत नाही, ही यातली मुख्य अडचण आहे. 2013 साली 'नेचर'मध्ये एक संशोधन आलं होतं. स्टार्च पचवणारं द्रव्य तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात साधारण दोन प्रती असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. म्हणजे माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्रा जगू लागला, आणि हजारो वर्षांत त्याचं शरीरच त्या उष्ट्यासाठी घडत गेलं. काळू भाकरी आणि भोपळा पचवू शकत होता तो आपल्यामुळे. क्लेअर पामर या तत्त्वज्ञ बाईंनी 2010 सालच्या आपल्या पुस्तकात साधारण असं मांडलं आहे की रानातल्या प्राण्याला मदत करणं हे आपलं कर्तव्य असेलच असं नाही, पण ज्याला आपणच आपल्यावर अवलंबून केलं, त्याचं देणं आपल्यावर असतं. बिबट्याचं मी काही लागत नव्हते. काळूचं लागत होते.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायला नकार देतो, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मी ती पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट जाणवली. त्याच्या बोलण्यात आपण या कुत्र्याला काय खायला घातलं याचा उल्लेखच नाही. तो आपल्यामागे आला, आपल्या भरवशावर आला, एवढंच त्याचं म्हणणं आहे. त्याला तेवढं पुरेसं वाटतं.

नामदेवांची म्हणून सांगतात ती गोष्ट तर आजीनेच मला सांगितली आहे. कुत्रा भाकरी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी मला त्यातलं तूप लक्षात राहिलं होतं. आता धावणं लक्षात राहतं. मीही काळूच्या मागे गेले होते, पण हातात फोन होता.

*

मग खायला घालणंच चूक का?

या प्रश्नावर सध्या देशात दोन तट आहेत. 2025 च्या 11 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश दिला. 22 ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस करून कुत्री त्याच भागात परत सोडावीत, पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडू नयेत, आणि रस्त्यावर कुठेही नव्हे तर ठरवून दिलेल्या जागीच त्यांना खायला घालावं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या महिन्यात लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. एक गट म्हणत होता, भुकेल्याला घास देणं हा गुन्हा कसा? दुसरा म्हणत होता, घास तुम्ही देता, चावा आमच्या मुलाला.

मी पहिल्या गटात होते. आजही आहे. पण दुसऱ्या गटाचं वाक्य मला आता वेगळं ऐकू येतं. घास देणारा आणि परिणाम भोगणारा वेगवेगळे असू शकतात, एवढंच ते सांगत होते. सोसायटीत तो परिणाम एखाद्या मुलाला भोगावा लागतो. आमच्या वस्तीवर तो कुत्र्यालाच भोगावा लागला. उद्या उष्ट्याच्या वासाने कुत्री घराभोवती जमली आणि त्यांच्यामागे बिबट्या ओट्यापर्यंत आला, तर तो आजीलाही भोगावा लागेल. खायला घालू नका, हे उत्तर मला पटत नाही, कारण भूक त्याने संपत नाही, फक्त आपल्या नजरेआड होते. पण घातलं आणि झालं, हेही उत्तर नाही. दोन्ही गट ताटलीभोवतीच भांडत असतात. ताटली रिकामी झाल्यावर काय, हे क्वचितच कुणी विचारतं.

घटस्थापनेच्या दिवशी मी लेण्याद्री चढले. घरात बसवत नव्हतं म्हणून. तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वर सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती आहे. ते मुळात बौद्ध विहार. मध्ये खांब नसलेला मोठा दगडी मंडप आणि बाजूंना भिक्षूंच्या छोट्या कोठड्या. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्षूंना खालच्या गावांतून भिक्षा मिळत असणार. म्हणजे हा डोंगर मुळात दुसऱ्याने दिलेल्या घासावर जगलेला आहे.

कॉलेजात असताना जुन्नरच्या लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांबद्दल थोडं वाचलं होतं, ते तिथे बसून आठवलं. काही लेखांत नुसतं 'अमक्याने लेणं दिलं' एवढंच नाही. कुणी त्यासाठी शेताचं उत्पन्न लावून दिलं आहे, कुणी कारागिरांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवली आहे आणि तिच्या व्याजातून काय करायचं ते सांगितलं आहे. देणारा माणूस एक दिवस नसेल, हे त्या लोकांनी धरलं होतं. त्यांनी देण्याबरोबर देणं चालू राहण्याची सोयही दिली होती. आमच्या भाषेत त्याला मेंटेनन्स म्हणतात आणि तो कुणालाच आवडत नाही. नवं फीचर काढलं की टाळ्या मिळतात. ते रात्री बंद पडू नये म्हणून जागणाऱ्याला कुणी बदाम पाठवत नाही.

वरून आमची वस्ती दिसते. कुकडीच्या बाजूने हिरवा ऊस, त्यात मध्ये पत्र्याचं एक छप्पर. काळू किती लहान जागेत राहत होता आणि त्याला तिथली प्रत्येक गोष्ट किती पक्की माहीत असेल, असं वाटलं. अंधार पडला की मागच्या बाजूला जायचं नाही, हेही त्याला माहीत असणार. मी ते त्याच्याकडून विसरवून घेतलं, आठ दिवसांत, भोपळ्याच्या जोरावर.

खाली आल्यावर मी आजीला सांगितलं. त्या रात्री मी न बघता 'हो' म्हटलं होतं, हे. तिला ते आधीच कळलेलं होतं. ती शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुकडा घालतो म्हंजी त्यो आपला. आपला म्हंजी रातीचा मोजायचा. एवढंच असतंय, पोरी."

*

डिसेंबरात काकाने एक पिल्लू आणलं. तांबूस रंगाचं, म्हणून तांबू. जुन्नरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला रेबीजची लस दिली. गोठ्याला खालून वरपर्यंत जाळी ठोकली. तिचे पैसे मी दिले, आणि खरं सांगायचं तर भोपळ्यापेक्षा ते जास्त होते. तांबूचं जेवण सूर्य मावळायच्या आत गोठ्यासमोर होतं. उरलंसुरलं लगेच उचललं जातं. त्यात भाकरी असते, कधी अंडं, आणि भोपळ्याच्या दिवसांत वर चमचाभर उकडलेला भोपळा. आवडतो त्याला.

यामुळे सगळं बरोबर झालं असं मी म्हणत नाही. आम्ही तांबूला कोंडतो तेव्हा वाघ काही उपाशी राहत नाही. तो पुढच्या वस्तीवर जातो आणि तिथे कुणाचा तरी काळू ओट्याखाली बसलेला असतो. लहानपणीच्या गोष्टीत भोपळ्यात बसलेली म्हातारी वाघाच्या पुढून सुखरूप निघून जाते. पण त्या रानात तिच्या मागून कोण आलं, हे कधी कुणी सांगितलं नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. एका घराने दार लावून ते मिळणारही नाही.

बिस्किट आता चौतीस किलोंवर आला आहे. त्याच्यासाठी मी आजही भोपळा वजन करून उकडते. त्याला मी वस्तीवर नेत नाही, कारण तिकडे बिबट्या आहे. हे वाक्य म्हणताना आता मी अडखळते. माझ्या कुत्र्यासाठी जो धोका मी एका क्षणात ओळखला होता, तोच धोका मी दुसऱ्या कुत्र्याला रोज पावणेआठला ताटलीत वाढत होते. दोघांवर माझं प्रेम होतं, असंच मी तेव्हा म्हटलं असतं. पण मोजत मी एकालाच होते.

रोज संध्याकाळी साडेसहाला कॉल सुरू व्हायच्या आधी माझ्या फोनवर अलार्म वाजतो. मी आजीला फोन लावते आणि तांबू आत आहे का विचारते. पहिले काही दिवस ती नुसतं "हाय" म्हणायची. मग एकदा मी विचारलं, बघितलंस का नीट? तेव्हापासून ती फोन कानाला लावूनच गोठ्याच्या दारापर्यंत चालत जाते. मला तिच्या चपलांचा आवाज येतो, कडी वाजते, शेळी ओरडते.

"मोजला," ती म्हणते. मग मी कॉलवर जाते.